कापून टाकलेली सात मिनिटे

मी अवकाशपटांचा वेडा आहे, हे आधीच कबूल केलेले बरे. नाहीतर पुढचे वाचून कोणी म्हणायचे की, उतारवयात या गृहस्थांना पोरांचे खेळ बघवेनासे झाले. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी 'स्टार ट्रेक' लागे. मिरजेच्या आमच्या वाड्यात ज्या एका बिऱ्हाडी संच होता तिथे मी पारोसाच जाऊन बसत असे, आणि परत आल्यावर आईची बोलणी खात असे. 'स्टार वॉर्स' मी पाहिला तो भाड्याने आणलेल्या, सारख्या रेघा मारणाऱ्या व्हिडिओ कॅसेटवर. पुढे तो किती वेळा पाहिला याचा हिशेब मी ठेवलेला नाही. तेव्हा ही फिर्याद परक्याची नव्हे, घरच्याची आहे. आणि घरच्याची फिर्याद थोडी जास्तच कडवट असते, हे वाचकांनी समजून घ्यावे.

निमित्त तसे क्षुल्लक घडले. मागच्या उन्हाळ्यात आमच्या सोसायटीची सभा होती. बोअर आटली होती, टँकरचे दर वाढले होते, आणि गच्चीवरचे पावसाचे पाणी जमिनीत मुरवण्यासाठी प्रत्येक बिऱ्हाडाने किती रक्कम द्यावी यावर दोन तास खल चालला होता. शेवटी एक सुविद्य गृहस्थ उभे राहिले आणि हसत हसत म्हणाले, "अहो, पन्नास वर्षांनी इथे राहणार आहे कोण? आपली नातवंडे मंगळावर जाणार. खड्डे कशाला खणता?" सभा हसली. ठराव पुढच्या सभेवर ढकलला गेला. माझ्याबरोबर माझी नऊ वर्षांची नात आली होती. जिना चढताना तिने विचारले, "आजोबा, मंगळावर जाताना तुम्हाला पण नेतील ना?"

ती थट्टा करीत नव्हती. तिला खरोखरच काळजी पडली होती. आणि माझ्या ध्यानात आले की, ही काळजी तिच्या डोक्यात त्या गृहस्थांनी घातलेली नाही, मी घातली आहे. दर शनिवारी रात्री शेजारी बसवून तिला हे चित्रपट दाखवणारा मीच. त्या गृहस्थांना मी सभेत उत्तर देऊ शकलो नाही. ते आज इथे देतो. आणि उत्तर त्यांना कमी, मला स्वतःलाच जास्त आहे.

माझे म्हणणे असे की, अवकाश म्हणजे मुळात अंतर. तारे, ग्रह, धूमकेतू ही त्या अंतरातली तुरळक वस्ती. आणि शंभराहून अधिक वर्षे चित्रपट आपल्याला अवकाश दाखवतो आहे तो नेमके हे अंतरच चोरून. अंतर नसलेले अवकाश म्हणजे शेजारची आळी झाली. शेजारच्या आळीत बिऱ्हाड हलवता येते. आणि बिऱ्हाड हलवायचेच आहे असे एकदा मनाने घेतले की गळके छप्पर शाकारायला कोण चढतो?

झॉर्झ मेलिएसने 1902 साली तोफेतून माणसे चंद्रावर डागली आणि तो गोळा चंद्राच्या डोळ्यात रुतवला, तेव्हा ही चोरी निरागस होती. मेलिएस जादूगार होता, आणि आपण जादू करतो आहोत हे तो लपवीत नव्हता. पुढच्यांनी जादू ठेवली आणि जादूगाराचा झगा तेवढा काढून ठेवला.

स्टॅन्ले क्युब्रिकचा '2001 : अ स्पेस ओडिसी' हा 1968 चा चित्रपट. अवकाशात हवा नाही म्हणून आवाज नाही, ही साधी गोष्ट पाळण्याचे धैर्य त्याने दाखवले. माणूस यानापासून सुटून दूर दूर जातो आणि पडद्यावर नुसती शांतता असते. ती शांतता पहिल्यांदा अनुभवली तेव्हा कॅसेट बिघडली असे समजून मी उठून यंत्राला थापट मारली होती. पण मला आज त्यातली दुसरीच एक जागा आठवते. गुरूकडे निघालेल्या यानातील अंतराळवीरांची पृथ्वीवरून मुलाखत घेतली जाते. निवेदक सांगून टाकतो की, आमचे शब्द यानापर्यंत पोचायला सात मिनिटे लागत होती. ती मधली वाट पाहणे आम्ही ध्वनिमुद्रणातून कापले आहे. मग प्रश्नाला लगेच उत्तर, उत्तराला लगेच प्रश्न, अशी सुरळीत मुलाखत चालते. चोरी झाली खरी, पण चोराने दारावर चिठ्ठी लावून ठेवली : इथून सात मिनिटे नेली आहेत. इतकी सभ्यता त्यानंतरच्या फार थोड्या चित्रपटांनी दाखवली.

नऊ वर्षांनी, मे 1977 मध्ये, 'स्टार वॉर्स' आला. त्यात पोकळीत स्फोटांचे गडगडाट होतात, याने मजा येते ती येतेच. पण एक खटका ओढला की तारे रेघांसारखे लांबतात आणि यान आकाशगंगेच्या पलीकडच्या टोकाला! त्यातला वैमानिक आपल्या यानाची चपळाई सांगताना 'पार्सेक' हे माप वेळेचे असल्यासारखे फेकतो. पार्सेक हे अंतराचे माप आहे. सव्वातीन प्रकाशवर्षांहून थोडे अधिक. त्याच्या भक्तांनी या चुकीचे समर्थन करण्यासाठी पुढे जी बुद्धी खर्च केली ती पाहून आपल्याकडच्या टीकाकारांची आठवण येते. मला मात्र ती चूक फार बोलकी वाटते. ज्याने अंतर रद्द केले त्याला अंतराचे माप आठवणार कसे?

आणि त्याच 1977 साली, 'स्टार वॉर्स'च्या तिकिटांसाठी अमेरिकेत रांगा लागलेल्या असताना, 20 ऑगस्टला व्हॉयेजर-2 आणि 5 सप्टेंबरला व्हॉयेजर-1 ही दोन याने निघाली. प्रत्येकावर सोन्याचा मुलामा दिलेली एक तबकडी आहे. तिच्यात 55 भाषांतून कोणा अज्ञाताला नमस्कार केलेला आहे, आणि त्यांतली एक भाषा मराठी आहे. तिच्यातच गोव्याच्या केरी गावच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे. केसरबाई 16 सप्टेंबर 1977 रोजी वारल्या. त्यांचा आवाज घेऊन निघालेले दुसरे यान तेव्हा अवघ्या अकरा दिवसांच्या वाटेवर होते. एवढी थोर गोष्ट आपल्या घरातून निघून गेली, आणि आपण मराठी माणसे त्या वर्षाची आठवण कोणती ठेवतो? तर तलवारी चमकवणाऱ्या त्या चित्रपटाची! मीही तीच ठेवली होती.

व्हॉयेजर-1 सेकंदाला सुमारे 17 किलोमीटर वेगाने धावतो आहे. या वेगाने मुंबईहून पुण्याला यायला नऊ सेकंद पुरतील. हाच वेग धरून सूर्याशिवायच्या सर्वांत जवळच्या ताऱ्याकडे निघाले तर किती काळ लागेल? सुमारे 75,000 वर्षे. शेतीचा शोध लागून दहा-बारा हजार वर्षे झाली असतील. म्हणजे माणसाने पहिले बी पेरले त्या दिवशी जरी कोणी निघाला असता, तरी आज तो वाटेचा सहावा हिस्सा कसाबसा चालून गेला असता. हे आकडे आपल्या मुलांना पाठ नसतात. प्रकाशवेगाच्या खटक्याचे आवाज पाठ असतात.

कोणी म्हणेल, जुन्या चित्रपटांशी काय भांडता, नवे आता शास्त्रशुद्ध असतात. तेव्हा 2014 च्या 'इंटरस्टेलर'कडे वळू. याच्याविषयी माझे मन दुभंगलेले आहे. त्यातला पिता अशा एका ग्रहावर उतरतो की जिथला एक तास म्हणजे पृथ्वीवरची सात वर्षे. परत यानात येतो तो मागे राहिलेल्या मुलांचे 23 वर्षांचे निरोप साठलेले. तो एकामागून एक पाहत जातो. मुले मोठी होत जातात, थकत जातात. त्या प्रसंगाला मी दर वेळी रडतो. चोरलेले अंतर एका क्षणात व्याजासकट परत करणारा असा प्रसंग सगळ्या अवकाशपटांत दुसरा मला ठाऊक नाही.

पण कथेची बैठक काय? पृथ्वीवर पिकांवर रोग पडला आहे, धुळीची वादळे उठताहेत, उरला आहे तो मका. आणि नायकाची तक्रार अशी की, माणसे मातीकडे बघू लागली, आकाशाकडे बघायची विसरली. उपाय? निघून जाणे. शनीजवळ कोणा अज्ञाताने सोयीस्करपणे एक कृमिविवर ठेवून दिलेलेच आहे. शेवटी काय दाखवतात? शनीजवळ तरंगणारे एक अजस्र नळकांडे, आणि त्याच्या आत घरे, शेते, चेंडूफळीचे मैदान! मी विचारतो, ज्यांना शनीच्या थंडीत नळकांड्यात शेत पिकवता आले, त्यांना मक्यावरचा रोग तेवढा हटवता आला नाही? हा प्रश्न चित्रपटगृहात कोणाला पडत नाही, कारण तोपर्यंत वाद्यवृंदाने आपली दातखीळ बसवलेली असते. त्यापेक्षा 2008 चा 'वॉल-ई' हा मुलांचा म्हणून बाजूला टाकलेला चित्रपट मला प्रौढ वाटतो. त्यात कचऱ्याने भरलेली पृथ्वी सोडून गेलेली माणसे सातशे वर्षांनी परत येतात. कशासाठी, तर जुन्या बुटात लावून ठेवलेल्या एका रोपट्यासाठी.

आता मंगळाविषयी. तिथल्या हवेचा दाब आपल्याकडच्या एक टक्क्याहूनही कमी. सरासरी तापमान शून्याखाली 60 अंशांच्या आसपास. मातीत परक्लोरेट नावाचे विषारी क्षार. 2008 साली उतरलेल्या फिनिक्स यानाने ते ओळखले. 'द मार्शियन' या 2015 च्या चित्रपटात एकटा पडलेला शास्त्रज्ञ तिथे बटाटे पिकवतो. हा चित्रपट मला प्रिय आहे, पण त्यात तो करतो काय ते नीट बघा. तो माणसांच्या विष्ठेचे खत करतो, थेंब थेंब पाणी मिळवतो, वाफे धरतो. म्हणजे मंगळावर जाऊन तो शेतकरी होतो. ज्या खटाटोपाला कंटाळून आम्ही पृथ्वी सोडायची म्हणतो, तोच खटाटोप तिथे शंभरपट करायचा, आणि तोही शिरस्त्राण घालून!

एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला पाणी घेऊन आगगाडी गेली. पहिल्या खेपेला दहा वाघिणींतून पाच लाख लिटर. माझे गाव मिरज, त्यामुळे त्या गाडीची बातमी मी इतरांपेक्षा जरा जास्त लक्ष देऊन वाचली. एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात पाणी न्यायचे तर रूळ हवे होते, वाघिणी धुऊन घ्याव्या लागल्या, विहिरी आणि नळ जोडावे लागले, आणि एवढे करूनही रांगेत घागरी होत्याच. लातूरच्या त्या उन्हाळ्यातली सर्वांत वाईट दुपार मंगळावरच्या सर्वांत चांगल्या दुपारपेक्षा किती बरी होती! निदान श्वास फुकट होता. स्पेसएक्सचे इलॉन मस्क यांनी 2017 साली जाहीर केले होते की, 2024 मध्ये माणसे मंगळाकडे निघावीत असा आपला बेत आहे. 2024 आले आणि गेले. बेत चुकला म्हणून मी त्यांना हसणार नाही. बेत करणाऱ्यांचे बेत चुकतातच. पण आमच्या सोसायटीत त्या बेताच्या भरवशावर खड्डे खणायचे थांबतात, त्याचे काय?

माझे एक स्नेही यावर म्हणाले, "तुम्ही उगाच गंभीर होता. मनोरंजन आहे ते. आपल्या पुराणांत पुष्पक विमाने नव्हती? त्याने कोणाचे बिघडले?" हा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो म्हणून त्याला उत्तर दिले पाहिजे. पुष्पक विमानाची कथा ऐकून कोणा शेतकऱ्याने बैलगाडीचे चाक दुरुस्त करायचे ठेवले नाही, कारण पुराण हे पुराण म्हणून सांगितले जाई. ते येत्या गाडीचे वेळापत्रक आहे असे कीर्तनकाराने कधी म्हटले नाही. आजचा अवकाशपट येतो तो शास्त्रज्ञाची शिफारस घेऊन. 'इंटरस्टेलर'ला किप थॉर्न यांच्यासारखा सल्लागार होता, ज्यांना पुढे 2017 साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांनी कृष्णविवर अचूक काढून दिले, यात शंका नाही. पण अचूक कृष्णविवराच्या पुण्याईवर कथेतली बाकी सगळी पळवाटही अचूक म्हणून खपून जाते, हे माझे दुखणे आहे.

आपल्याकडे यावर दुसराच सूर निघतो. असले चित्रपट काढायला पैसा लागतो, तो मराठीत कुठून आणायचा? मराठीत प्रयत्न झाले नाहीत असे नाही. 2016 चा 'फुंतरू' हा तसा होता. पण ते बोटांवर मोजण्याइतके, आणि सबब मात्र कायमची. ही सबब मला लंगडी वाटते. फ्रान्सच्या क्रिस मार्करने 1962 साली 'ला जेते' हा भविष्यकाळावरचा चित्रपट काढला तो जवळजवळ सगळा स्थिरचित्रांचा. अठ्ठावीस मिनिटांत एकदाच चित्र हलते. झोपलेली स्त्री डोळे उघडते, बस. तारकोव्हस्कीने 1972 च्या 'सोलारिस'मध्ये भविष्यातले शहर म्हणून टोकियोच्या रस्त्यांवरून धावणारी मोटार दाखवली, आणि ती कितीतरी वेळ नुसती धावत ठेवली. यांत खर्च कशाचा झाला? प्रेक्षकाला थांबवून धरण्याच्या हिमतीचा.

आणि कथा? जयंत नारळीकरांनी 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा धाडली ती 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने. आपल्या नावाची आद्याक्षरे उलटी करून. कथेला पहिले बक्षीस मिळाले. 'इंटरस्टेलर'च्या आधी चाळीस वर्षे! 2021 साली नाशिकच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, 20 मे 2025 रोजी पुण्यात वारले. विज्ञानकथा म्हणजे मुलांचे वाङ्मय, असे नाक मुरडून म्हणणाऱ्यांनी त्यांच्यावर मृत्युलेख मात्र भरभरून लिहिले. मी ते सगळे वाचले. त्यांच्या एखाद्या कथेचा चित्रपट आता तरी काढावा, असे त्यांत कोणी म्हटल्याचे मला आढळले नाही.

मला कोणी पैसे दिले, अर्थात कोणी देणार नाही, तर मी कोणता चित्रपट काढीन ते सांगतो. नोव्हेंबर 2023 मध्ये व्हॉयेजर-1 निरर्थक आकडे पाठवू लागला. त्याच्या संगणकातला स्मृतीचा एक तुकडा निकामी झाला होता. यान शेहेचाळीस वर्षांचे; ज्यांनी त्याची आज्ञावली लिहिली त्यांतले कित्येक हयात नाहीत. कॅलिफोर्नियातल्या प्रयोगशाळेत मूठभर माणसे जुने पिवळे कागद काढून बसली. बिघडलेल्या तुकड्यातली आज्ञावली त्यांनी फोडून शिल्लक स्मृतीच्या कोपऱ्याकोपऱ्यांत बसवायची ठरवली. भाड्याच्या दोन खोल्यांत आठ माणसांचे अंथरूण घालावे तशी. 18 एप्रिल 2024 ला त्यांनी आज्ञा पाठवली. ती पोचायला साडेबावीस तास. उत्तर यायला साडेबावीस तास. मध्ये करण्यासारखे काही नाही. माणसे घरी गेली असतील, जेवली असतील, झोप आली नसेल. 20 एप्रिलला उत्तर आले : यान पुन्हा शुद्धीवर आले होते. या मंडळींवर त्याआधी 2022 साली एक माहितीपट निघाला आहे. तो पाहिलेला माणूस माझ्या ओळखीत एकही नाही. 'स्टार वॉर्स' न पाहिलेलाही एकही नाही.

माझ्या चित्रपटात ते पंचेचाळीस तास असतील. सगळे दाखवता येणार नाहीत हे मला कळते. पण जेवढे कापीन तेवढ्याची चिठ्ठी दारावर लावीन.

आमची शनिवारची बैठक अजून चालू आहे. नातीला मी केसरबाईंची भैरवी ऐकवली. तिला ती फारशी आवडली नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. मग एका शनिवारी मी प्रभातचा 'संत तुकाराम' लावला. दामले-फत्तेलालांचा हा 1936 चा चित्रपट. नातीला आधी तो काळापांढरा म्हणून पसंत नव्हता. पण जिजाई म्हशीवर आणि नवऱ्यावर ओरडू लागली तशी ती सावरून बसली. शेवटी गरुडाच्या पाठीवरून विमान आकाशात जाते, तुकोबा वैकुंठाला निघतात, आणि घरच्या कामात गुंतलेली जिजाई खाली जमिनीवर राहते.

"ती का नाही गेली?" नातीने विचारले.

मी म्हटले, "घरी काम होते. मुले होती."

ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "आजोबा, तो शेवट पुन्हा लावा." मी लावला. सोसायटीची सभा पुढच्या रविवारी आहे. विषयपत्रिकेत पाण्याचा ठराव चौथ्या क्रमांकावर आहे.